रांग आणि हप्ता

– एक विद्यार्थिनी, द्वितीय वर्ष कला

‘टेम्पो’ हा शब्द मराठी नाही असे आमच्या गावात कोणाला सांगितले, तर ऐकणारा हसेल. भाजी टेम्पोतून जाते, वऱ्हाड टेम्पोतून जाते, गणपतीबाप्पाही टेम्पोतूनच येतात. पण हे मूळचे एका जर्मन गाडीचे नाव आहे. हॅम्बुर्ग शहराजवळ विडाल घराण्याचा कारखाना होता आणि त्याची तीन चाकांची मालवाहू गाडी ‘टेम्पो’ या नावाने विकली जाई. १९५८ साली नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने बजाज टेम्पो ही कंपनी निघाली आणि जर्मन कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी टेम्पो आपल्याकडे तयार होऊ लागला. हॅम्बुर्गची मूळ कंपनी पुढे दुसऱ्या कंपन्यांच्या पोटात गेली, इथल्या कंपनीनेही नाव बदलले, शब्द मात्र राहिला. आज कोणत्याही कंपनीची लहान मालगाडी असो, आपल्या तोंडी ती टेम्पोच.

या टेम्पोला जर्मनीतच एक चुलत भाऊ होता, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जर्मनीच्या सॅक्सनी प्रांतात ‘फ्रामो’ नावाचा कारखाना होता. १९३० नंतरच्या दशकात हा कारखानाही तीन चाकांच्या मालगाड्या बनवी. गिऱ्हाईक तेच, म्हणजे बेकरीवाला, दूधवाला, सुतार, ज्याला घोडागाडी परवडत नाही आणि मोठा ट्रक लागत नाही असा लहान माणूस. मग दुसरे महायुद्ध झाले, जर्मनीचे दोन तुकडे झाले. टेम्पो पश्चिमेत राहिला आणि फ्रामो पूर्वेत. एक बाजारात गेला, दुसरा योजनेत गेला. भाऊबंदांच्या वाटणीत एकाला विहिरीकडचे रान यावे आणि दुसऱ्याला माळाकडचे, तशी ही वाटणी झाली.

या दुसऱ्या भावाची गोष्ट मला सांगायची आहे. ती मला सापडली आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात. अर्थशास्त्राच्या सरांनी ‘नियोजनबद्ध अर्थव्यवस्था’ हा विषय शिकवताना सांगितले की, प्रत्येकाने एक वस्तू निवडावी आणि ती समाजवादी देशात माणसापर्यंत कशी पोहोचे याचा शोध घ्यावा. कोणी पाव घेतला, कोणी घर घेतले. मी मालवाहू गाडी घेतली. वर्गात थोडा हशा पिकला. मुलीने गाडीचा विषय घ्यावा याचे काहींना नवल वाटले असावे. पण मी ज्या घरातून आले, त्या घराचे पोट गाडीवर चालते. पुस्तकातला कोणता विषय आपला आणि कोणता परका, हे ज्याचे त्यानेच ठरवावे.

पूर्व जर्मनीचे राज्य ७ ऑक्टोबर १९४९ रोजी स्थापन झाले. त्याआधीच तिथल्या कितीतरी कारखान्यांतली यंत्रे रशियाने युद्धाची भरपाई म्हणून उचलून नेली होती. उरलेल्या सांगाड्यांतून त्या लोकांनी पुन्हा उद्योग उभे केले, हे आधी मान्य केले पाहिजे. फ्रामो कारखाना जनतेच्या मालकीचा झाला आणि त्या दशकाच्या अखेरीस त्याचे नाव ‘बार्कास’ असे पडले. बार्कास म्हणजे वीज, आकाशात चमकते ती. १९६१ साली या कारखान्याने ‘बी १०००’ ही व्हॅन काढली. हजार किलो वजन नेते म्हणून हा आकडा. तीन सिलिंडरांचे, दोन स्ट्रोकचे इंजिन, पुढची चाके ओढणारी, आणि मागची तळफळी जमिनीपासून बुटकी. माल चढवणाऱ्या माणसाच्या कमरेला ही बुटकी फळी किती मोलाची असते, ते मला सांगायला नको. फ्लॉवरची पोती उचलणाऱ्यांना मी रोज पाहते. त्या काळच्या मानाने ती उत्तम गाडी होती आणि पश्चिमेतल्या कित्येक गाड्यांपुढे तिने मान खाली घातली नसती.

मग अडले कुठे? अडले ते संख्येत. १९६१ पासून १९९१ पर्यंत, म्हणजे तीस वर्षांत, बार्कासच्या सुमारे पावणेदोन लाख गाड्या निघाल्या. वर्षाला सरासरी सहा हजारांच्या आतबाहेर. देशाची लोकसंख्या सुमारे पावणेदोन कोटी. त्या सहा हजारांतून रुग्णवाहिका हव्यात, पोलिसांना हव्यात, अग्निशामक दलाला हव्यात, टपालाला हव्यात, सरकारी दुकानांना हव्यात, सैन्याला हव्यात, आणि शेजारच्या समाजवादी देशांना निर्यातही करायची. इतक्या जणांचे ताट वाढून झाल्यावर साध्या माणसाच्या वाट्याला काय उरणार? नवी बार्कास खाजगी माणसाला मिळणे जवळजवळ अशक्य होते.

त्या देशात खाजगी धंदा अगदीच नव्हता असे नव्हे. १९७२ साली उरलेसुरले मध्यम कारखानेही सरकारजमा झाले, तरी लहान कारागीर राहिले होते. न्हावी, नळ दुरुस्त करणारे, छप्परवाले, बेकरीवाले. दहापर्यंत माणसे कामाला ठेवता येत. त्यांना सामान न्यायला गाडी लागेच. मग ते काय करत? एखाद्या सरकारी संस्थेने मोडीत काढलेली बार्कास मिळवत आणि तिला नवा जन्म देत. नाहीतर आपल्या लहान ट्राबांट मोटारीच्या मागे एक ट्रेलर जोडत. मोटारीत बायकापोरे आणि ट्रेलरमध्ये सिमेंट, असे दृश्य तिथल्या रस्त्यांवर नित्याचे होते. जुगाड हा शब्द आपला असेल, पण ती विद्या सगळ्या टंचाईच्या देशांची आहे.

गाड्या जास्त का बनवल्या नाहीत, हा प्रश्न मला सतावत होता. मागणी आहे, कामगार आहेत, आराखडा आहे, मग कारखाना वाढवत का नाहीत? आपल्याकडे एखाद्या वस्तूला गिऱ्हाईक लागले की महिन्याभरात चार दुकाने निघतात. योजनेच्या राज्यात कारखान्याचा प्रमुख असा निर्णय घेऊ शकत नव्हता. नवे यंत्र, नवा पत्रा, नवी इमारत, सगळ्याचा वाटा वरून ठरे. वरच्यांच्या यादीत आधी अवजड उद्योग होते, १९७१ नंतर होनेकर यांच्या काळात घरबांधणी वर चढली, पुढे इलेक्ट्रॉनिक्स आले. मोटारगाडी कायम मागच्या बाकावर. ट्राबांटचे अंग पत्र्याचे नव्हते, सोव्हिएत रशियातून येणाऱ्या कापसाच्या टाकाऊ धाग्यांत राळ मिसळून दाबून केलेले होते, कारण पत्रा पुरत नव्हता. नव्या मोटारींचे नमुने तिथल्या अभियंत्यांनी पुन्हापुन्हा तयार केले आणि वरून ते पुन्हापुन्हा गुंडाळायला सांगण्यात आले. म्हणून १९६४ ची ट्राबांट ६०१ आणि १९६१ची बार्कास जवळजवळ त्याच रूपात १९९० पर्यंत निघत राहिल्या. अभियंत्यांची बुद्धी कमी नव्हती, त्यांच्या सहीला किंमत नव्हती.

देशात गाड्या पुरत नाहीत म्हटल्यावर बाहेरून आणाव्या लागल्या. आता बाहेरून म्हणजे कुठून? समाजवादी देशांचा एक व्यापारी संघ होता, कॉमेकॉन, १९४९ साली स्थापन झालेला. त्यात देवघेव ‘हस्तांतरणीय रुबल’ नावाच्या हिशेबी चलनात चाले. नाव हस्तांतरणीय, पण पोलंडकडून मिळालेला रुबल हंगेरीत खर्च करता येईल याची खात्री नाही! वस्तुतः तो वस्तूंचा अदलाबदलीचा व्यवहारच होता. तू मला गाड्या दे, मी तुला यंत्रे देतो. या वाटेने पोलंडची व्हॅन पूर्व जर्मनीत आली. तिचे नाव ‘झूक’, म्हणजे भुंगा. पोलंडमधल्या लुब्लिन शहरात ती १९५९ पासून १९९८ पर्यंत तयार होत होती. निसा गावच्या कारखान्यात तिचीच बहीण ‘निसा’ तयार होई. दोघींची मुळे वॉर्सावा नावाच्या मोटारीत, आणि वॉर्सावाचे मूळ सोव्हिएत ‘पोबेदा’ मोटारीत. म्हणजे आजीचे जुने लुगडे आईने नेसायचे आणि त्याचेच परकर-पोलके मुलीला शिवायचे, तशी ही घराणेशाही. भुंगा पेट्रोल भरपूर पिई. पण गाडी होती, चालत होती, माल नेत होती.

गंमत अशी की ज्या पोलंडकडून गाडी आणायची, त्या पोलंडमध्येही गाडीची टंचाईच होती. तिथली बहुतेक शेती खाजगी राहिली होती. भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्यांच्या डोळ्यांपुढे झूक असे, कारण कोबी शहरात नेणारी ती गाडी. ती मिळवायला सरकारी वाटप हवे. साध्या मोटारीची कथा तर आणखी करुण आहे. १९८१ साली पोलिश सरकारने लोकांकडून लहान मोटारींसाठी आगाऊ पैसे भरून घेतले. मोटार काही वर्षांनी मिळायची होती. कित्येकांना ती मिळालीच नाही, मधल्या काळात सरकार बदलले, पैशाचे मोल उडाले, आणि शेवटी भरपाईसाठी १९९६ साली कायदा करावा लागला! आयात ही टंचाईवर औषध असते असे आपण मानतो. इथे एका रिकाम्या हंड्यातून दुसऱ्या रिकाम्या हंड्यात पाणी ओतणे चालले होते.

पश्चिमेकडूनही गाड्या आल्या, पण त्यांना खरा पैसा लागे, म्हणजे पश्चिम जर्मनीचा मार्क. १९७७ साली करार होऊन १९७८ मध्ये दहा हजार फोक्सवॅगन गोल्फ पूर्व जर्मनीत आल्या. बदल्यात पूर्वेने काही माल दिला. त्यात एक तारांगणाचे यंत्र होते. येना शहरातल्या झाइस कारखान्याचे ते यंत्र पुढे फोक्सवॅगनच्या वोल्फ्सबुर्ग शहरात बसवले गेले. आकाशातले तारे दाखवणारे यंत्र जगात उत्तम बनवणारा देश, आणि त्याला घरातली मोटार बनवता येईना! त्यानंतर काही वर्षांनी जपानच्या माझ्दाही आल्या. स्वीडनच्या व्होल्वो आल्या त्या मात्र पुढाऱ्यांसाठी. नेते राहत त्या वांडलिट्झ वसाहतीला लोक चेष्टेने ‘व्होल्वोग्राड’ म्हणत. समतेच्या राज्यात एवढे एकच टोपणनाव पुष्कळ काही सांगून जाते.

शिवाय एक चोरदरवाजा होता. त्याचे नाव ‘गेनेक्स’. पश्चिमेतल्या नातेवाइकाने पश्चिमी मार्क भरले की पूर्वेतल्या भावाला ट्राबांट रांगेशिवाय मिळे. गाडी तीच, त्याच कारखान्यातली, त्याच कामगारांच्या हातची. ज्याचा काका पश्चिमेत, त्याला ती लवकर मिळे. ज्याचा काका त्याच्याच गल्लीत राहतो, त्याने थांबावे.

किती थांबावे? ट्राबांटसाठी दहा, बारा, पंधरा वर्षे. माणूस अठरा वर्षांचा झाला की नोंदणी करी. घरातल्या आजीआजोबांच्या नावानेही नोंदणी होई, त्यांना गाडी चालवता येवो न येवो. पुढे नोंदणीचा तो कागदच मालमत्ता झाला, हातोहात विकला जाऊ लागला. जुनी ट्राबांट नव्यापेक्षा महाग विकली जाई, कारण जुनी आज मिळते आणि नवी पंधरा वर्षांनी. वर्गात हे सांगितले तेव्हा मुले हसली. मला हसू आले नाही. मला आमचे आजोबा आठवले.

आमच्या देशानेही एके काळी योजनेची वाट धरली होती. १९५५च्या आवडी अधिवेशनात काँग्रेसने समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव केला. आपली अर्थव्यवस्था पूर्व जर्मनीसारखी नव्हती, ती मिश्र होती, कारखानदार खाजगी होते. पण किती गाड्या बनवायच्या याला सरकारी परवाना लागे. स्कूटरसाठी वर्षानुवर्षे थांबावे लागे. परकीय चलनात पैसे भरणाऱ्याला इथेही आधी मिळे. म्हणजे आमचाही एक गेनेक्स होता! आमचे आजोबा सायकलवर दुधाचे कॅन लावून रोज चौदा मैल जात. १९७७ साली त्यांनी स्कूटरची नोंदणी केली. दूध लवकर पोहोचेल, दुसऱ्या गावचेही घेता येईल, असा हिशेब. नंबर लागला १९८६ साली. तोवर आजोबांचे गुडघे गेले होते. त्यांनी तो नंबर तालुक्याच्या एका व्यापाऱ्याला विकला आणि वर मिळालेल्या पैशांत म्हैस घेतली. आजी अजून त्या म्हशीला ‘स्कूटर’ म्हणते. म्हणजे नऊ वर्षे रांगेत उभा राहिला एक माणूस आणि स्कूटरवर बसला दुसराच.

हे सगळे मी लिहून काढले आणि एका रविवारी वडिलांना वाचून दाखवले. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. अण्णा सातवी शिकलेले. ते नांगराची कथा ऐकावी तसे शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले,

“म्हंजी त्यास्नी गाडी मिळायचीच न्हाई?”

“मिळायची, पण पंधरा वर्षांनी.”

“आन् हप्ता कितीचा?”

“हप्ता नसायचा अण्णा. गाडीला कर्जच मिळत नसे. नंबर लागला की रोख भरायचे.”

अण्णा थोडा वेळ गप्प राहिले. “मग बरंच की,” ते म्हणाले, “पंधरा वर्सं पैकं साठवाय तरी गावायची. आमाला गाडी एका दिसात मिळाली. वढून न्ह्यायलाबी एकच दीस लागला.”

यावर माझ्यापाशी उत्तर नव्हते. अण्णांनी २०१७ साली कर्ज काढून टेम्पो घेतला होता. शोरूममध्ये पेढे वाटले, चाकाखाली लिंबू ठेवले, टेम्पोच्या कपाळावर आजोबांचे नाव घातले. नोंदणी नको, रांग नको, वशिला नको. कागदावर दहाबारा सह्या केल्या की झाले. तीन वर्षे हप्ते गेले. मग २०२०ची टाळेबंदी आली. भाजी शेतात सडली, बाजार बंद पडला. थोडे दिवस सवलत मिळाली, पण थांबलेल्या हप्त्यांवरचे व्याज थांबले नव्हते. पुढच्या वर्षी एका पहाटे, टोमॅटोचे क्रेट भरलेले असताना, कर्ज देणाऱ्या कंपनीची दोन माणसे रस्त्यात आडवी आली आणि टेम्पो घेऊन गेली. क्रेट उतरवायला तेवढा वेळ दिला. आज अण्णा दुसऱ्याच्या टेम्पोवर महिन्याच्या पगाराने गाडी चालवतात. रस्त्यावर टेम्पो कमी नाहीत, शोरूममध्ये ओळीने उभे आहेत. कमी आहे ती आमच्याकडे.

ग्रंथालयात यानोश कोर्नाई या हंगेरियन अर्थशास्त्रज्ञाचा ‘इकॉनॉमिक्स ऑफ शॉर्टेज’ हा ग्रंथ आहे. १९८० साली इंग्रजीत आला, दोन खंड. इंग्रजी वाचताना मला शब्दकोश उशाशी घ्यावा लागतो, त्यामुळे सगळा वाचला असे म्हणणार नाही. पण त्यातले दोन विचार मनात रुतून बसले. पहिला असा की, समाजवादी कारखान्याच्या अंदाजपत्रकाचा बांध सैल असतो. तोटा आला तरी सरकार भरून काढते, त्यामुळे कारखाना कधी बुडत नाही. बुडण्याची भीती नसली की प्रत्येक संस्था गरजेपेक्षा जास्त मागते, मिळेल ते साठवते. उद्या मिळेल याचा भरवसा नसतो ना! प्रत्येकजण साठवतो म्हणून टंचाई आणखी वाढते. दुष्काळात टँकर आला की घरातला तांब्यासुद्धा भरून ठेवतात, तसे. दुसरा विचार असा की, समाजवादी व्यवस्थेत गाडे अडते ते साधनांपाशी, म्हणजे पत्रा नाही, इंजिन नाही. भांडवलशाहीत गाडे अडते ते मागणीपाशी, म्हणजे माल पडून आहे पण घेणारा नाही.

घेणारा नाही याचा अर्थ त्याला गरज नाही असा होत नाही. इथेच मला अण्णांचे बोलणे पुन्हा ऐकू आले. पैशाविना असलेली गरज बाजाराच्या वहीत मांडली जात नाही. ओळखीविना असलेली गरज योजनेच्या वहीत मांडली जात नव्हती. रांग आणि हप्ता हे एकाच दारावरचे दोन दरवान आहेत. एक म्हणतो, तुझी पाळी नाही. दुसरा म्हणतो, तुझी ऐपत नाही.

तर मग दोघे सारखेच काय? आमच्या वसतिगृहात यावर रात्री दोन वाजेपर्यंत वाद झाला. काही मैत्रिणींचे म्हणणे असे की, पूर्व जर्मनीत निदान कोणाची गाडी वसुलीवाले नेत नव्हते, कोणाची नोकरी जात नव्हती, औषधपाणी आणि शिक्षण सर्वांना होते. हे खरे आहे आणि आमच्यासारख्या घरातल्या मुलीने ते हलके लेखू नये. पण त्याच बार्कासची आणखी एक हकिकत आहे, ती सांगितल्याशिवाय हा हिशेब पुरा होत नाही.

बर्लिनमध्ये होहेनशोनहाउसेन नावाचा गुप्त पोलिसांचा तुरुंग होता. तिथे आता स्मारक आहे. तिथे बार्कास गाडी पाहायला मिळते. बाहेरून ती साधी माल पोहोचवणारी व्हॅन दिसे. अशा गाड्यांवर ‘ताजे मासे’ अशासारख्या पाट्या रंगवलेल्या असत. आत मात्र खिडकी नसलेल्या, माणूस जेमतेम बसेल एवढ्या अंधाऱ्या कोठड्या. पकडलेल्या माणसाला त्यात घालून शहरात फिरवत आणत, म्हणजे आपण कुठे आहोत हे त्याला कळू नये. बेकरीवाल्याला जी गाडी मिळत नव्हती, ती या कामाला मिळत होती. टंचाई सर्वांना सारखी नसते. वाटणारा हात ज्याचा, त्याची निकड आधी भागते. आणि त्या हाताला ‘असे का?’ म्हणून विचारायची सोय नव्हती. विचारणारा कदाचित त्याच गाडीत बसला असता. अण्णांचा टेम्पो गेला तेव्हा त्यांनी निदान चावडीवर उभे राहून मोठ्याने शिव्या तरी घातल्या, आणि मी हे इथे छापायला देऊ शकते आहे. हा फरक मला लहान वाटत नाही. पण शिव्यांनी टेम्पो परत येत नाही, हेही तितकेच खरे.

या गोष्टीचा शेवट चमत्कारिक आहे. १९८४ साली पूर्व जर्मनीने फोक्सवॅगनशी करार केला आणि तिच्या चार स्ट्रोक इंजिनांची यंत्रसामग्री आणली. ती बसवली बार्कासच्याच कार्ल-मार्क्स-श्टाट येथील कारखान्यात. अफाट पैसा ओतला. त्यातली काही इंजिने परतफेड म्हणून पश्चिमेला पाठवायची होती. १९८८ साली वार्टबुर्ग मोटारीला नवे इंजिन मिळाले. ज्या कारखान्यात ते तयार होई, त्याच कारखान्याच्या व्हॅनला मिळेपर्यंत १९९० उजाडले. तोवर ९ नोव्हेंबर १९८९ रोजी भिंत कोसळली होती. १ जुलै १९९० रोजी पश्चिमेचा मार्क पूर्वेत आला आणि पंधरा वर्षांची रांग बघता बघता नाहीशी झाली. माणसे ज्या गाडीसाठी अर्धे तारुण्य थांबली होती, ती आता कोणी फुकट नेईना. पश्चिमेतल्या जुन्या व्हॅन आणि मोटारी धडाधड आल्या. १९९१ च्या एप्रिलमध्ये बार्कासही संपली आणि ट्राबांटही संपली. कारखान्यांतले हजारो हात रिकामे झाले. कालपर्यंत गाडी नव्हती आणि काम होते. आता गाड्या होत्या आणि काम नव्हते. त्या गावांतल्या माणसांना अण्णांचे बोलणे दुभाष्याशिवाय समजले असते.

सरांनी माझ्या निबंधाच्या शेवटी लाल शाईने एकच प्रश्न लिहिला होता: ‘मग उपाय काय?’ दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थिनीने दोन महासत्तांना न सुटलेल्या प्रश्नाचे उत्तर द्यावे, ही अपेक्षा जरा जास्तच झाली. तरी रिकामे सोडले तर गुण मिळत नाहीत, म्हणून लिहिते.

गाडीची मालकी सरकारची की सावकाराची, एवढ्यावरच आपले वाद थांबतात. मला वाटते, पाहायचे ते हे की, गाडी कोणाला मिळावी आणि कोणाकडून काढून घ्यावी हे जिथे ठरते, त्या टेबलाशी गाडी चालवणाऱ्याला जागा आहे की नाही. बर्लिनच्या त्या टेबलाशी बेकरीवाल्याला जागा नव्हती. कर्ज देणाऱ्या कंपनीच्या टेबलाशी अण्णांना खुर्ची मिळाली ती फक्त सह्या करण्यापुरती. हप्ता थांबवायचा की नाही, भाजीचा हंगाम कधी असतो, पैसा कोणत्या महिन्यात हातात येतो, हे त्यांना कोणी विचारले नाही. आमच्याच भागात दूध उत्पादकांच्या सहकारी संस्था आहेत. त्यांत राजकारण आहे, लबाडी आहे, हे मी त्याच भागात वाढल्यामुळे जाणते. पण तिथल्या वार्षिक सभेत दूध घालणारा माणूस उभा राहून अध्यक्षाला हिशेब विचारू शकतो, आणि काही वेळा अध्यक्षाला घाम फुटलेला मी पाहिला आहे. टेम्पोवाल्यांची अशी संस्था का असू नये? हंगामावर हप्ता ठरवणारी, पाच टेम्पो पाळीपाळीने चालवणारी, अडलेल्याची गाडी ओढून न नेता त्याची पाळी पुढे ढकलणारी? त्यातही रांग असेल आणि हप्ताही असेल. पण ती रांग आपण लावलेली असेल.

गेल्या महिन्यात आमच्या गावच्या नऊ टेम्पोचालकांची यावर एक बैठक झाली. अण्णांनी मला कागद लिहायला बसवले. नऊपैकी चौघे मध्येच उठून गेले, दोघे म्हणाले बघू, तिघांनी सह्या केल्या. संस्था नोंदवायला तीन सह्या पुरत नाहीत. पुढची बैठक पोळ्यानंतर आहे.